चावीवर चढत गेलेला भार

जुन्या मोटारीची चावी फिरवली आणि सेल्फ लागला नाही, किंवा चालती गाडी मध्येच गप झाली, की पहिला आळ इग्निशन स्विचवर येतो. नवा स्विच बसतो, त्यामागच्या चार वायरी बदलल्या जातात, आणि पुष्कळदा काही महिन्यांत तेच दुखणं परत येतं. स्विचचा दर्जा हे त्याचं एक कारण असेलही, पण खरं कारण त्याच्या कुळात आहे. हा स्विच गाडीत आला तो अगदी हलक्या कामासाठी. बाकीची कामं त्याच्या गळ्यात मागाहून पडली.

सुरुवातीच्या अनेक मोटारींत ठिणगी मॅग्नेटोतून येई. बॉशच्या कारखान्यात गॉटलोब होनोल्डने उच्च दाबाचा मॅग्नेटो १९०२ च्या सुमारास तयार केला. इंजिन फिरतंय तोवर मॅग्नेटो स्वतःच वीज निर्माण करतो, त्याला बॅटरी लागत नाही. त्यामुळे त्याचा स्विच आजच्या नेमका उलट चाले: ‘बंद’वर नेला की मॅग्नेटोची वीज अर्थ होई आणि इंजिन थांबे. वायर तुटलीच तर गाडी अडत नसे, उलट ती बंद करणं मुश्कील होई. चार्ल्स केटरिंगने हे सगळं फिरवलं. त्याच्या डेल्को कंपनीची बॅटरी-कॉईलवर चालणारी पद्धत कॅडिलॅकने १९१० च्या मोटारींत घेतली, आणि १९१२ च्या मोटारींत त्याचाच विजेवरचा सेल्फ आला. हँडल मारण्याचा जाच संपला. पण आता ठिणगीची वीज बॅटरीतून निघून स्विचमार्गे कॉईलला जाऊ लागली, आणि ती वायर तुटली की गाडी जागच्या जागी उभी.

तरीही भार मोठा नव्हता. कॉईल तीन-चार अँपिअर घेते. सेल्फला लागणारा शंभराहून जास्त अँपिअरचा करंट चावीतून जातच नसे. त्यासाठी पायाचं बटण किंवा ओढायची मूठ वेगळी असे. १९४८ च्या मॉरिस मायनरमध्ये चावी फक्त इग्निशनची होती, सेल्फसाठी मूठ ओढावी लागे. क्रायस्लरने १९४९ मध्ये दोन्ही कामं एका चावीत आणली आणि हळूहळू साऱ्यांनीच तो रस्ता धरला. गाड्यांचे विजेचे भाग बनवणाऱ्या लुकास कंपनीच्या पद्धतीने वायरिंग केलेल्या इंग्रजी गाडीत चावीमागे हात घातला की हा इतिहास रंगांत दिसतो. तपकिरी वायर बॅटरीकडून येते, पांढरी कॉईलकडे जाते, लाल रेघेची पांढरी सेल्फच्या सोलेनॉइडकडे. पांढरीतूनच फ्यूजमार्गे हिरवी निघते, आणि तिच्यावर वायपर, इंडिकेटर, ब्रेकचा दिवा, पेट्रोलचा काटा असा सगळा गोतावळा. त्या गाड्यांचा डायनॅमोच जेमतेम वीस-बावीस अँपिअरचा, म्हणून तेव्हा ते निभत होतं. पुढच्या मालकांनी त्याच पांढऱ्या वायरीला जोड मारून रेडिएटरचा विजेवरचा पंखा, जादा दिवे, एसीचा ब्लोअर जोडला. स्विचमधले संपर्क तापतात, लग सैल होतात, तांबं कळकतं.

म्हणून माझं मत असं की वायरिंग बदलताना स्विचवरचा भार उतरवणं हीच खरी दुरुस्ती. जड कामं रिलेवर घ्यावीत. यावर जुन्या गाड्यांचे जाणकार म्हणतात की कारखान्यातून आली तशीच गाडी राखली पाहिजे, रिले ही भेसळ आहे. गाडीवरचं त्यांचं प्रेम मला मान्य आहे, पण सोलेनॉइड हा तरी दुसरा कोण? थोड्या करंटने मोठा करंट जोडणारा तो रिलेच आहे, आणि चावीने सेल्फ लागतो तो त्याच्याच जिवावर. शिवाय पंखा आणि जादा दिवे मूळ गाडीत नव्हतेच. त्यांना वेगळी वाट दिली की मूळ वायरिंग मूळच्याच कामाला राहतं. दुसरा आक्षेप असा की नव्या गाड्यांनी हे केव्हाच सोडवलं. तसं असतं तर जनरल मोटर्सला २०१४ मध्ये लाखो गाड्या परत बोलवाव्या लागल्या नसत्या. तिथे स्विच ढिला होता. धक्क्याने किंवा जड जुडग्याने चावी मागे सरके, इंजिन बंद पडे, पॉवर स्टिअरिंग आणि एअरबॅगही त्याच्याबरोबर जात. नुकसानभरपाईच्या निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले. इतकं सगळं एका चावीवर टांगलं होतं.

एका ठिकाणी मात्र जुन्याला धरून राहणाऱ्यांचं म्हणणं शब्दशः पाळावं. सत्तरच्या दशकातल्या काही इंग्रजी गाड्यांत स्विचकडून कॉईलकडे जाणारी वायर पांढरी-गुलाबी असते. ती तांब्याची साधी वायर नव्हे, मुद्दाम रोध असलेली आहे. सेल्फ मारताना कॉईलला पूर्ण दाब मिळावा आणि इंजिन चालू झाल्यावर कमी, अशी ती योजना. जुनाट दिसते म्हणून तिच्या जागी नवी तांब्याची वायर घातली तर गाडी चटकन सुरू होईल, पण कॉईल तापून जळेल. ती काढण्याआधी इग्निशन चालू ठेवून, डिस्ट्रिब्युटरमधले पॉइंट जुळलेले असताना, कॉईलवरचे व्होल्ट मोजावेत. बॅटरीच्या बाराऐवजी सहा ते नऊच्या आसपास आकडा आला, तर ती वायर तशीच राहू द्यावी, किंवा तेवढ्याच रोधाची आणून बसवावी.