आठ सदतीस की आठ तीस सात?

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ आलं आणि केवढा गदारोळ! ओरडणाऱ्यांत मीही होतो. गणित समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: लिहिताना आधी २, मग ७, बोलताना मात्र सात आधी. पोरं तिथेच अडखळतात. गंमत म्हणजे अस्सल कोरियन आकड्यांत एकवीसला म्हणतात ‘सुमुल हाना’, शब्दशः वीस एक! तास ते याच आकड्यांत सांगतात, मिनिटं चिनी वळणाच्या आकड्यांत.

आपलंही तसंच. डोंबिवलीत लोकल ‘आठ सदतीस’ची, पण ओटीपी ‘थर्टी सेव्हन’! आणि ऑफिसात चुकून एकोणऐंशी म्हटलं, की मराठी मित्रच विचारतात, “म्हणजे सिक्स्टी नाईन का रे?”