घरचा आवाज, थोड्या पैशांत

मोर्शीच्या बाजारात मोबाइलच्या दुकानात सदऱ्याला लावायचा मायक्रोफोन आता काहीशे रुपयांत मिळतो. आजीच्या तोंडच्या जात्यावरच्या ओव्या किंवा मोहल्ल्यातलं भजन टिपून ठेवावं असं तुमच्या मनात आलं, तर तो घ्यावा की महागाचा? प्रश्न दुकानदाराला विचारण्याचा दिसतो खरा, पण त्याचं उत्तर इतिहासात सापडतं.

नोव्हेंबर 1902 मध्ये कलकत्त्याला गौहर जानचं गाणं मुद्रित झालं, तेव्हा ध्वनिमुद्रणात मायक्रोफोन नव्हताच. गाणाऱ्याने कर्ण्याशी तोंड न्यायचं, खड्या आवाजात गायचं आणि त्या आवाजाच्याच जोरावर सुईने मेणाच्या तबकडीवर रेघ ओढायची. बारीक आवाजाला तिथे थारा नव्हता. 1925 मध्ये विजेवरचं ध्वनिमुद्रण आलं, मायक्रोफोन आला, आणि हळू बोलणाऱ्यालाही तबकडीवर जागा मिळाली.

पुढे दोन जाती घरोघरच्या कामाच्या ठरल्या. डायनॅमिक मायक्रोफोनात लोहचुंबकाजवळ तारेचं लहानसं वेटोळं हलतं. हा गडी दणकट. सभेत, मंडपात तोच दिसतो. कंडेन्सरमध्ये पातळ पडदा थरथरतो. त्याचा कान तिखट, पण पडद्याला बाहेरून विद्युतभार पुरवावा लागे, म्हणून तो महाग आणि स्टुडिओपुरताच राहिला. 1962 मध्ये अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतल्या गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट या दोघांनी कायम भार धरून ठेवणारा प्लॅस्टिकचा पडदा वापरला. त्याचं नाव इलेक्ट्रेट. सदऱ्याला लावायचा तुमचा मायक्रोफोन बहुधा त्याच घराण्यातला. तेव्हा स्वस्त म्हणजे टाकाऊ, असं समजू नका.

खरी गोम अंतरात आहे. मायक्रोफोन तोंडापासून एक वीत असेल आणि तुम्ही तो दोन वितींवर नेलात, तर त्याच्यापर्यंत पोचणारा आवाजाचा दाब निम्मा होतो. पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते! म्हणून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवलेल्या भारी कंडेन्सरपेक्षा आजीच्या पदराला लावलेला साधा इलेक्ट्रेट बरा, असं मी म्हणेन. पंखा बंद करा, टिनाच्या छताखाली बसू नका, भिंतीवर एक-दोन गोधड्या टांगा. गोधडीला पैसे पडत नाहीत. भजन असेल तर खंजिरीवाल्याला चार पावलं मागे बसवा. तो रागावेल, पण शब्द ऐकू येतील. एकाच माणसाचा आवाज हवा आणि घर रस्त्यावरचं असेल, तर डायनॅमिक घ्या, कारण तो तोंडाजवळ धरला की बाजूचा गलका कमी उचलतो. मात्र तो मोबाइलला सरळ जोडता येतोच असं नाही, तेव्हा जोडणीच्या साहित्याचा खर्च आधी विचारा.

हे सारं कशासाठी? आपल्या वऱ्हाडातले गाडगेबाबा 20 डिसेंबर 1956 रोजी वलगावजवळ गेले. त्याआधी महिना-दीड महिना मुंबईत वांद्र्याला त्यांनी केलेलं कीर्तन मुद्रित झालं, म्हणून त्यांची वऱ्हाडी बोली आजही कानांनी ऐकता येते. बाबा लोकांना प्रश्न विचारीत आणि लोक एका आवाजात उत्तर देत. ती देवघेव कागदावर उतरली तरी तिचा ठेका कागदावर येत नाही. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी जात्यावरच्या लाखावर ओव्या गावोगाव फिरून जमवल्या आणि त्यांतल्या कित्येक गाणाऱ्या बायांच्याच आवाजात मुद्रित झाल्या. शब्द वहीत राहतात. कुठे श्वास घेतला, कुठे दळताना जोर लागला, ते आवाजातच राहतं. आपल्याकडे आता गिरणी दारात आली आहे. ज्या बायांनी खरोखर जातं ओढलं, त्या सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत.

एक करा. मुद्रण सुरू झालं की आजीला आधी आपलं नाव, माहेरचं गाव आणि तारीख सांगायला लावा. गौहर जान आपल्या तबकड्यांवर गाण्याच्या शेवटी स्वतःचं नाव इंग्रजीत सांगत असे, कारण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होत आणि तिथल्या कारागिरांना गाणं कोणाचं ते कळायला हवं होतं.