रिमोटच्या सेलवर चालणारा संगणक

आज एका छोट्या भारतीय संगणकाची गोष्ट सांगतो. तो जन्मला आमच्या बेंगळुरूत. वीज वाचवायची म्हटलं की आपण चांगल्या बॅटरीकडे बघतो. पण आत बसलेली ऑपरेटिंग सिस्टिम शिस्तीची नसेल, तर कितीही मोठी बॅटरी पुरत नाही. हे या संगणकाकडून शिकण्यासारखं आहे.

आधी काळ लक्षात घ्या. 1990 च्या दशकातला संगणक भिंतीतल्या प्लगवर जगायचा. काम नसलं तरी प्रोसेसर रिकाम्या फेऱ्या मारत बसे. 'थांब' अशी आज्ञा इंटेलच्या प्रोसेसरमध्ये होती, पण विंडोज 95 साधारणपणे ती देत नसे. म्हणून हौशी लोक तेवढ्या कामासाठी वेगळे प्रोग्रॅम बसवायचे. 1994 मध्ये अमेरिकेत झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत मार्क वायझर आणि सहकाऱ्यांनी एक निबंध मांडला. त्यांचं म्हणणं होतं की धावपळ करून मग रिकामं बसण्यापेक्षा वेग आणि व्होल्टेज कमी करून सावकाश काम करावं. व्होल्टेज निम्मं झालं की त्याच कामाला लागणारी ऊर्जा साधारण चौथाईवर येते. म्हणजे केव्हा किती वेगाने चालायचं, हा निर्णय ऑपरेटिंग सिस्टिमकडे आला.

आता बेंगळुरूकडे येऊ. 1998 मध्ये इथे विकसनशील देशांसाठी माहिती तंत्रज्ञान या विषयावर परिषद झाली. त्यातून भारतीय विज्ञान संस्थेतले स्वामी मनोहर, विजय चंद्रू, रमेश हरिहरन, व्ही. विनय आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे ही मंडळी एकत्र आली. खेड्यातल्या माणसाला परवडेल असा हातात मावणारा संगणक करायचा, असं त्यांनी ठरवलं. त्याचं नाव सिम्प्युटर. 2001 मध्ये तो जगासमोर आला.

गावात वीज कधी येईल याचा नेम नव्हता. म्हणून सिम्प्युटर टीव्हीच्या रिमोटमध्ये घालतो तसल्या तीन बारीक सेलवर चालेल असा बेतला. प्रोसेसर होता 206 मेगाहर्ट्झचा स्ट्राँगआर्म. त्याला दोन प्रकारची विश्रांती ठाऊक होती. आयडलमध्ये प्रोसेसरचं घड्याळ थांबतं, बाकी भाग जागे राहतात. स्लीपमध्ये जवळजवळ सगळं बंद होतं. वेळ राखणारं घड्याळ आणि जागं करणारी यंत्रणा तेवढी चालू राहते. पण केव्हा झोपायचं हे चिप स्वतः ठरवत नाही, ते सांगावं लागतं. सिम्प्युटरवर लिनक्स होतं. त्याचा सोर्स कोड खुला असल्यामुळे ते आपल्या गरजेप्रमाणे बदलायला कोणाची परवानगी लागत नव्हती.

फौजेच्या माणसाला हे लगेच पटतं. गस्तीवर निघालेला जवान वायरलेस सेटबरोबर जादा बॅटऱ्याही पाठीवर वाहतो. वाचलेली बॅटरी म्हणजे हलकी पाठ आणि जास्त वेळ चालणारा संपर्क. याच सिम्प्युटरवरून एन्कोरने लष्करासाठी 'साथी' हे उपकरण तयार केलं. नकाशा, आपली जागा आणि साथीदारांची जागा त्यावर दिसे.

2004 मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साथीने 'अमिडा सिम्प्युटर' बाजारात आला. पण अपेक्षेच्या मानाने विक्री फार थोडी झाली, आणि मोबाइलच्या लाटेत तो मागे पडला.

प्रश्न मात्र मागे पडला नाही. त्याच सुमारास घराघरातल्या संगणकांवर लिनक्सचं 2.6 आलं. त्यात टायमर सेकंदाला 1000 वेळा टिकटिक करायचा. काम असो नसो, प्रत्येक टिकटिकीला प्रोसेसर उठणार. विचार करा, झोपलेल्या जवानाला पहारेकऱ्याने सारखं हलवून 'काही काम नाही ना?' असं विचारलं, तर विश्रांती कसली? 2007 मध्ये लिनक्स 2.6.21 ने ही सवय मोडायला सुरुवात केली. काम नसेल तर टिकटिकही नाही. त्याच वर्षी इंटेलने 'पॉवरटॉप' हे साधन दिलं. कोणता प्रोग्रॅम प्रोसेसरला सेकंदाला किती वेळा उठवतो, हे ते दाखवतं. चोर दिसू लागले, तसे प्रोग्रॅम लिहिणारेही आपापल्या चुका दुरुस्त करू लागले.

पुढचं पाऊल परत बेंगळुरूशी जोडलेलं आहे. इथल्या आयबीएमच्या लिनक्स टेक्नॉलॉजी सेंटरमधले वैद्यनाथन श्रीनिवासन आणि सहकारी मोठ्या सर्व्हरवर काम करत होते. ओटावाच्या 2008 च्या लिनक्स परिषदेत त्यांचा निबंध आला. कल्पना अशी, की थोडं काम आठ ठिकाणी पसरून आठही प्रोसेसर अर्धवट जागे ठेवू नका. ते मोजक्या प्रोसेसरवर गोळा करा आणि बाकीच्यांना गाढ झोपू द्या. पहाऱ्याची पाळी लावतात तसंच हे.

तीन सेलचा सिम्प्युटर आणि खोलीभर सर्व्हर यांना नियम एकच लागू होतो. आधी मोजा, कोण उगाच उठवतंय ते शोधा, आणि ज्याला काम नाही त्याला झोपू द्या. सिम्प्युटर बाजारात हरला, पण ज्याच्या घरी वीज नाही त्याच्यासाठीही संगणक असला पाहिजे, हा त्याचा आग्रह बरोबर होता. आज खिशातल्या फोनची बॅटरी दिवसभर टिकते, त्यामागे हीच शिस्त आहे.

तुमच्या लॅपटॉपवर लिनक्स असेल, तर आज पॉवरटॉप चालवून पाहा. पहिल्या ओळीत कोण दिसलं ते मला जरूर कळवा. जय हिंद.