मुंबईचा पूर्व किनारा आणि त्याची भरणी

मुंबईचा समुद्र पाहावयाचा म्हणून मनुष्य घराबाहेर पडला की तो चौपाटीवर जातो. पूर्वेकडेही समुद्र आहे, याची या शहरात जन्म काढलेल्या कितीतरी माणसांना कल्पना नसते. त्यांचा त्यात दोष नाही. कुलाब्याच्या ससून गोदीपासून वडाळ्यापर्यंत समुद्र आणि शहर यांच्यामध्ये दगडी भिंत, रेल्वेचे रूळ, गुदामे आणि पहारा उभा आहे. आमची उमर त्या भिंतीच्या आतल्या माणसांबरोबर गेली. शिक्षण म्हणाल तर शाळेच्या सातव्या इयत्तेपर्यंतचे. पुढचे जे काही वाचन झाले ते लवादाचे निवाडे आणि ग्रंथालयातून आणलेली गॅझेटियरे यांचे. तेव्हा या विषयावर आम्ही जे सांगणार आहोत त्यात पंडिताची शिस्त सापडली नाही, तर श्रोत्यांनी ती सवलत आम्हांला द्यावी.

आज या भिंती पाडून पूर्व किनारा 'विकसित' करावा असा विचार चालू आहे. प्रवासी बोटींचे धक्के, बगीचे, कचेऱ्यांचे मनोरे उभे राहतील, बाहेरचे भांडवल येईल, हजारो हातांना काम मिळेल, असे सांगितले जाते. कामगार चळवळीतला मनुष्य म्हणजे याला विरोधच करणार, असा पुष्कळांचा समज असतो. तसे काही नाही. हा किनारा भांडवलाला बोलावण्यासाठी पूर्वीही अनेकदा बदलला गेला आहे. किंबहुना तो मुळी त्यासाठीच जन्माला आला. तेव्हा पूर्वी काय झाले, कोणाला काय मिळाले आणि कोणाचे नाव कोणत्या वहीत लागले, एवढे पाहिले म्हणजे पुढचे बोलणे सोपे होईल.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी या बाजूला नुसता चिखल होता. ओहोटीला पाणी दूर जाई, आणि मचवे गाळात रुतून बसत. कोळ्यांचे पाडे, वाडियांची जुनी जहाजबांधणीची गोदी आणि ठिकठिकाणचे लहान बंदर, एवढाच पसारा होता. मुंबईत या 'बंदर' शब्दाचा अर्थ धक्का असा आहे. मसजिद बंदर, वाडी बंदर, कारनॅक बंदर ही नावे त्याच काळाची. १८५८ साली एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी निघाली आणि तिने गाळ भरून जमीन करण्याचे काम अंगावर घेतले. १८६२ च्या कराराप्रमाणे कंपनीने रेल्वेच्या स्थानकासाठी सरकारला शंभर एकर जमीन भरून द्यायची आणि त्याच्या बदल्यात स्वतःसाठी अडीचशे एकर भरायची, असे ठरले. सौदा वाईट नव्हता. त्याच सुमारास अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेना, आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शहरात भरणी कंपन्यांचे पीकच आले. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. १८६५ साली अमेरिकेतले युद्ध संपले आणि सगळा डोलारा कोसळला.

येथे जी गोष्ट घडली तिच्याकडे आम्ही श्रोत्यांचे लक्ष मुद्दाम वेधतो. एल्फिन्स्टन कंपनी बुडाली नाही. उलट किनाऱ्याचा मोक्याचा भाग तिच्या हाती राहिला. आता जहाजाला माल उतरवावयाचा तर कंपनीच्याच धक्क्यावर आणि कंपनीच सांगेल त्या दराने. तक्रार मजुरांनी केली नाही, त्यांना विचारतो कोण! ती व्यापाऱ्यांनी केली. एका खाजगी कंपनीच्या हाती शहराचे नाक गेले तर व्यापार चालणार कसा, हा प्रश्न त्या काळच्या इंग्रज सरकारलाही टाळता आला नाही. सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली बॉम्बे पोर्ट ट्रस्टची स्थापना झाली. म्हणजे पूर्व किनारा सार्वजनिक मालकीचा झाला तो कोणा समाजवाद्याच्या आग्रहाने नव्हे, तर खाजगी मालकीचा अनुभव घेतलेल्या शेठ-सावकारांच्या आग्रहाने. आज याच जमिनीच्या खाजगीकरणाची भाषा निघते तेव्हा आम्हांला या शेठजींची आठवण होते.

पुढचे बांधकाम झपाट्याने झाले. ससून गोदी १८७५ ची. ती एका व्यापारी घराण्याने बांधली आणि चार वर्षांनी ट्रस्टने विकत घेतली. प्रिन्सेस गोदी १८८० साली उघडली. तिचे खोदकाम चालू असता गाळाखाली झाडांचे बुंधे सापडले, त्यांतले पुष्कळसे उभेच होते. कधी काळी तेथे जंगल होते आणि जमीन खचून ते समुद्राखाली गेले होते. मागून व्हिक्टोरिया गोदी झाली, आणि १९१४ साली अलेक्झांड्रा गोदी, जिला पुढे इंदिरा गोदी हे नाव मिळाले. अलेक्झांड्रा गोदीच्या खोदाईतून निघालेली माती टाकून बावीस एकर नवी जमीन झाली. तिच्यावर जॉर्ज विटेटच्या आराखड्याप्रमाणे जो सुबक कचेऱ्यांचा मोहल्ला उठला, तोच बॅलार्ड इस्टेट. जहाज कंपन्या, विमा कंपन्या, बँका तेथे आल्या. भांडवलाला आकर्षित करण्यासाठी किनाऱ्याचा कायापालट म्हणतात तो हाच, आणि तो शंभर वर्षांपूर्वी होऊन गेला आहे. मात्र एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. बॅलार्ड इस्टेटच्या कचेऱ्या बंदराच्या जिवावर उभ्या होत्या आणि जमिनीचे भाडे ट्रस्टच्या तिजोरीत येत होते.

हे सारे ज्यांनी डोक्यावरून वाहिले त्यांची नावे मात्र कोणत्याच वहीत नव्हती. गोदीतले काम टोळीवाल्यांच्या हाती असे. जहाज लागले की टोळीवाला पहाटे फाटकाशी उभा राही, हवी तेवढी माणसे बोटाने वेचून घेई, उरलेली परत जात. आज काम मिळाले म्हणून उद्या मिळेल याची खात्री नाही. मिळाले तर मजुरीतला हिस्सा टोळीवाल्याचा. कोकणातला, घाटावरचा, आंध्रातला, उत्तरेकडचा मनुष्य येथे येऊन असा फाटकावर उभा राहिला. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाच्या बोटीवर, कापसाच्या गाठी आणि दारूगोळा एकाच पोटात भरलेला असताना, आग लागून दोन प्रचंड स्फोट झाले. अग्निशामक दलाचे सहासष्ट जवान मेले, त्यांचा दिवस आपण आजही पाळतो. एकूण मृतांचा आकडा मात्र आठशे ते तेराशे असा वेगवेगळा सांगतात. इतके अंतर का पडावे? रोजंदारीवरचा मनुष्य त्या दिवशी गोदीत कामाला गेला होता की नव्हता, हे सांगणारा कागदच नव्हता. बोटीवरच्या सोन्याच्या विटा मात्र मोजलेल्या होत्या, आणि त्या पुढे कित्येक वर्षे गाळातून निघत राहिल्या.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला आणि १९५१ च्या योजनेने मुंबईत डॉक लेबर बोर्ड आले. आमच्या मते पूर्व किनाऱ्याच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी सुधारणा होय, जरी तिचा पुतळा कोठे उभा नाही. बोर्डाने पहिली गोष्ट केली ती नोंदणीची. मनुष्याला क्रमांक मिळाला, कार्ड मिळाले, पाळीपाळीने काम मिळू लागले, आणि काम नसलेल्या दिवशीही हजेरीबद्दल काही पैसे हाती पडू लागले. कायदा कागदावर असतो. तो फाटकापर्यंत आणण्याचे काम पी. डि'मेलो यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी आणि शेकडो अनाम कार्यकर्त्यांनी केले. डि'मेलो १९५८ साली गेले. पूर्वीच्या फ्रिअर रोडला त्यांचे नाव आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे गृहस्थ कोण ते ठाऊक असेल, देव जाणे.

परंतु बोर्ड स्थापन होऊन पाच वर्षे होतात न होतात तोच, १९५६ साली, अमेरिकेत माल्कम मॅक्लीन नावाच्या एका ट्रकवाल्याने अठ्ठावन्न लोखंडी पेट्या जहाजावर चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला पाठवल्या. या पेट्यांनी जगातल्या सगळ्या जुन्या गोद्यांचे दिवस भरले. पूर्वी गोणी, पिंप, गाठ अशी एकेक वस्तू हूक लावून टोळीने उचलायची. बोट आठवडा-आठवडा पडून राही. पेटी आली, क्रेनने उचलली, ट्रकवर ठेवली, संपले. तिला खोल पाणी आणि मागे मोकळी जागा हवी. मुंबईच्या गोदीत दोन्ही नाही. म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवा बंदर झाले, १९८९ साली. आम्ही युनियनच्या कामाला लागलो तेव्हा ते नुकतेच सुरू झाले होते, आणि आमच्या कचेरीतली वडीलधारी माणसे म्हणत, तिकडे फार तर चार बोटी जातील. आम्हीही मान डोलावली. ती चूक होती, आणि तिची किंमत पुढच्या पिढीने भरली.

त्या बंदराच्या पायाशीही रक्त आहे. उरण भागातल्या शेतकऱ्यांनी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली जमिनीच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये जे आंदोलन केले त्यावर गोळीबार झाला, पाच माणसे गेली. त्यातूनच विकसित जमिनीपैकी साडेबारा टक्के मूळ मालकाला परत देण्याचे तत्त्व पुढे आले. मुंबईच्या बाजूला व्हिक्टोरिया आणि प्रिन्सेस या दोन गोद्या पेट्यांना जागा हवी म्हणून भरून टाकल्या. जेथे उभी झाडे सापडली होती तेथे पुन्हा भरणी झाली.

असे झालेले आपले पहिलेच शहर नव्हे. लंडनच्या गोद्यांत १८८९ साली तासाला सहा पेनींसाठी मोठा संप झाला. तेथेही फाटकावर माणसे वेचण्याचीच पद्धत होती. १९४७ साली त्यांची नोंदणीची योजना झाली, आपल्या कायद्याची ती थोरली बहीण. १९६७ पासून १९८१ पर्यंत तेथल्या जुन्या गोद्या एकामागून एक बंद पडल्या, माल खाली टिलबरीला गेला. मग १९८१ साली सरकारने एक विकास महामंडळ नेमून नियोजनाचे अधिकार स्थानिक नगरपालिकांकडून काढून त्याच्याकडे दिले, आणि आइल ऑफ डॉग्ज भागात दहा वर्षे स्थानिक कर माफ केले. कॅनरी वॉर्फचे मनोरे उठले. १९९२ साली ते बांधणारी कंपनीच दिवाळ्यात निघाली. तरीही नंतर जम बसला, आणि आज तेथे लाखभर माणसे काम करतात. हे यश आम्ही नाकारीत नाही. पण त्या जागांपैकी पुष्कळशा लंडनच्याच दुसऱ्या भागांतून उठून आलेल्या होत्या, आणि गोदीत हूक चालवलेल्या पन्नाशीच्या गड्याला बँकेत खुर्ची कोण देणार? १९८९ साली त्यांची नोंदणीची योजनाही रद्द झाली.

लंडन दूर राहिले. गिरणगाव तर आपल्या दारात आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्यांच्या जमिनीचा प्रश्न निघाला. १९९१ च्या नियमाप्रमाणे एक तृतीयांश मोकळी जागा, एक तृतीयांश सार्वजनिक घरे आणि एक तृतीयांश मालकाला अशी वाटणी होती. २००१ साली नियमात बदल झाला आणि वाटणी फक्त इमारत नसलेल्या जागेपुरती उरली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो बदल कायम केला. एका शब्दाच्या अर्थाने शेकडो एकर जमीन इकडची तिकडे झाली. घरासाठी अर्ज केलेले लाखाहून अधिक गिरणी कामगार आणि वारस सोडतीची वाट पाहत राहिले. त्या दिवसांपासून आम्ही आराखडा वाचताना आधी नकाशा पाहत नाही, व्याख्यांचे पान काढतो.

आता पूर्व किनाऱ्याची पाळी आली आहे. पोर्टची जमीन हजार हेक्टरांच्या आतबाहेर. २०१४ साली राणी जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. मोकळ्या जागा आणि लोकांना समुद्रापर्यंत वाट, यावर तिचा भर होता, आणि तो आम्हांला मनापासून पटतो. २०१८ मध्ये पोर्टलाच विशेष नियोजन प्राधिकरण केले गेले. २०२१ च्या नव्या कायद्याने ट्रस्ट जाऊन प्राधिकरण आले. जानेवारी २०२४ पासून शिवडीहून थेट न्हावा-शेव्याकडे सागरी पूल धावतो आहे. म्हणजे जुन्या बंदराचा माल ज्या बंदराने नेला त्याच्याकडे जाणारी मोटार जुन्या बंदराच्या डोक्यावरून जाते.

तेथे खाली कोण आहे? दारूखान्यात जहाजे तोडणारे आणि त्यांचे भंगार वेचणारे, रे रोडच्या लोखंडबाजारातले माथाडी, कौला बंदरच्या झोपड्यांतली कुटुंबे. जमीन भाडेपट्ट्याने घेतलेला मनुष्य कागदावर आहे. त्याचा पोटभाडेकरू अर्धामुर्धा आहे. आणि पोटभाडेकरूच्या गाळ्यात वीस वर्षे पत्रे कापणारा मनुष्य मुळीच नाही. अशाच एका बैठकीत बाधितांची यादी वाचली गेली तेव्हा आम्ही विचारले, 'यात कामगार कोठे आहेत?' उत्तर मिळाले, ते मालकाच्या नावाखाली येतात. टोळीवाल्याच्या काळीही हेच उत्तर होते.

म्हणून गेल्या पावसाळ्यानंतर आमची चार-पाच पोरे वही घेऊन दारूखान्यातल्या गाळ्यागाळ्यांतून फिरू लागली आहेत. नाव, गाव, काम, किती वर्षे, मजुरी कोण देतो, एवढे पाच रकाने. काही मालक आत येऊ देत नाहीत, तेव्हा मुले बाहेर चहाच्या टपरीवर बसून सुटीची वाट पाहतात. पुष्कळ मजूर आधी नाव सांगायला भितात. दुसऱ्या खेपेला सांगतात, आणि शेजारच्या गाळ्यातल्या भावाचेही लिहून घ्या म्हणतात.