एक कार्ड, दोन दावेदार

धायरीहून सिंहगडाकडे पाहिले की गडावरचा दूरदर्शनचा मनोरा दिसतो. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि १९७३ पासून त्याचे कार्यक्रम या मनोऱ्यामुळे पुण्यात दिसू लागले. पुढे हेच चित्र संगणकातही शिरले. ते कसे, हे आपण पाहू.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बीटी८४८ आणि नंतर बीटी८७८ या चिप असलेली टीव्ही कार्डे आली. आपल्याकडच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे येतात. एका चित्रात ७२० × ५७६ ठिपके व प्रत्येक ठिपक्याला २ बाइट धरले, तर सेकंदाला सुमारे २ कोटी बाइट होतात. विद्यार्थ्यांकडून हा गुणाकार जरूर करून घ्यावा. एवढा भार प्रोसेसरवर न टाकता चिप माहिती थेट स्मृतीत लिहिते. कोठे लिहायचे, हे तिला ड्रायव्हर सांगतो. ड्रायव्हर म्हणजे संगणकप्रणालीच्या गाभ्यातला, म्हणजे कर्नेलमधला, उपकरणाशी बोलणारा भाग.

बीटी८७८ची गंमत अशी, की चिप एकच असून ती संगणकाला दोन उपकरणे म्हणून दिसते: एक चित्राचे, दुसरे आवाजाचे. लिनक्समध्ये चित्रासाठी ‘बीटीटीव्ही’ आणि आवाजासाठी वेगळा ड्रायव्हर होता. मग याच चिपवर डिजिटल टीव्हीची कार्डे निघाली व त्यांनी डिजिटल प्रवाह आवाजाच्याच वाटेने पाठवला. आता एका वाटेवर दोन ड्रायव्हर हक्क सांगू लागले. आधी पोहोचणारा ती अडवी आणि दुसऱ्याला काम करता येत नसे. उपाय साधा होता: कार्डावरचा ओळखक्रमांक वाचायचा आणि ते डिजिटल कार्ड असेल, तर आवाजाच्या ड्रायव्हरने बाजूला व्हायचे. मात्र अनेक स्वस्त कार्डांवर हा क्रमांकच नसे. मग वापरणाऱ्यालाच कार्डाचा प्रकार सांगावा लागे.

पुढच्या सीएक्स८८ ड्रायव्हरची रचना अधिक नेटकी होती. चित्र, आवाज व डिजिटल प्रवाह यांचे भाग वेगळे, पण सामाईक गोष्टी सांभाळणारा गाभा एकच. शाळेत सूक्ष्मदर्शक एकच असेल, तर प्रत्येक तुकडीला त्याची वेगळी किल्ली देऊन चालत नाही. नोंदवही एकाच हाती हवी. येथेही तेच तत्त्व आहे.

दूरदर्शनचे जमिनीवरून होणारे अ‍ॅनालॉग प्रक्षेपण २०२२ पर्यंत बहुतेक ठिकाणी बंद झाले. मग ही जुनी कार्डे भंगारात द्यावीत का? तसे वाटत नाही. जुन्या व्हिडिओ कॅसेटमधील चित्रे संगणकात उतरवण्यास ती आजही उपयोगी पडतात. बीटीटीव्ही ज्या जुन्या व्यवस्थेवर उभा होता ती कर्नेलमधून काढायचे ठरले, तेव्हा २०२३ मध्ये तो नव्या व्यवस्थेवर आणला गेला. आपल्या शाळेच्या कपाटात स्नेहसंमेलनांच्या कॅसेट असतील, तर हे काम लवकर हाती घ्यावे. फितीवरचा चुंबकीय थर वर्षागणिक झिजत असतो.