जुनी टूरिंग बाईक रात्रीच का बंद पडते? मल्टिमीटर आणि मोबाईल घेऊन घरच्या घरी दोष कसा शोधायचा

जून महिन्यातली रात्र. मी आणि बाबा कोल्हापूरहून मालवणला येत होतो. आंबोली घाट उतरताना धुकं आणि पाऊस दोन्ही. एका वळणावर मी हॉर्न दाबला आणि इंजिन बंद. हेडलाइट गेला, मागचा लाल दिवाही गेला. मागून ट्रक येत होता. बाबांनी मोबाईलचा टॉर्च मागे धरला, म्हणून ट्रकवाल्याला आम्ही दिसलो. दहा मिनिटांनी सेल्फ मारला तर गाडी चालू, जणू काही झालंच नाही.

ही गाडी बाबांची, २०१० सालची. थंडरबर्ड २००२ मध्ये आली, करिझ्मा २००३ मध्ये. लांब पल्ल्याच्या बाईकचं वेड आपल्याकडे त्या सुमारास पसरलं. त्याच पिढीतली ही एक, कार्ब्युरेटरवाली. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दोष कंपनीचा नव्हता. आधी एका गॅरेजात कार्ब्युरेटर साफ झाला, प्लग बदलला, बॅटरी नवीन आली. एकूण ४,८५० रुपये गेले, आणि त्यानंतरही घाटात हे झालं. पुढचा सल्ला होता, "सीडीआय बदलून बघू."

"बदलून बघू" हे शब्द ऐकले की माझ्यातला सॉफ्टवेअर इंजिनियर जागा होतो. प्रोडक्शनमध्ये बग आला तर आम्ही एकेक सर्व्हर बदलत बसत नाही, आधी मोजतो. गाडीची पंधरा वर्षं भरत आली होती. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, नंतर तपासणी करून ५-५ वर्षांनी वाढवून मिळते. ओरोसच्या आरटीओत न्यायच्या आधी ठरवायचं होतं की गाडी ठेवायची की भंगारात द्यायची. आईचं मत स्पष्ट होतं: "इकून टाक."

या लेखात मी तपासणी ज्या क्रमाने केली, तोच क्रम देतोय. आकडे साधारण सगळ्या १२ व्होल्टच्या बाईकना लागू होतात.

काय लागेल?

- डिजिटल मल्टिमीटर. साधा, चारशे-पाचशे रुपयांचा पुरतो.
- पाना सेट, स्क्रू ड्रायव्हर, पॉलिश पेपर, वायर ब्रश.
- एक जादा स्पार्क प्लग.
- काचेची स्वच्छ बाटली.
- मोबाईल.

मोबाईलचं काम सर्वात मोठं. काहीही उघडायच्या आधी फोटो काढा. वायर कुठून कुठे गेली, वॉशर कोणत्या बाजूला होता, हे तासाभराने आठवत नाही. इंजिनचा आवाज रेकॉर्ड करून ठेवा, दुरुस्तीनंतर तुलना करता येते. मीटरचा आकडा पटकन बदलत असेल तर व्हिडिओ काढा आणि नंतर थांबवून बघा.

एक सावधगिरी: फोन थेट हँडलला घट्ट बांधून लांब जाऊ नका. मोठ्या इंजिनच्या कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली फोकस आणि स्थिरतेची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा अॅपलने २०२१ मध्ये स्वतःच दिला आहे. तशी यंत्रणा इतरही अनेक फोनमध्ये असते.

आधी सुरक्षा

गाडी मधल्या स्टँडवर, इंजिन थंड, जागा मोकळी. बंद पडवीत इंजिन चालू ठेवू नका; धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. वायरिंगला हात लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, आणि जोडताना ती शेवटी जोडा. पेट्रोलचं काम आणि ठिणगीचं काम एकाच वेळी करू नका.

पायरी १: लक्षण नीट लिहा

एप्रिल २०२० पासून बीएस-६ गाड्या आल्या. त्यात बहुतेक ठिकाणी कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन असतं, आणि गाडी स्वतःच चुकांची नोंद ठेवते. आपल्या जुन्या गाडीला एरर लॉग नाही. तो आपण लिहायचा. माझ्या नोट्स अशा होत्या:

- दिवसा कधीच बंद पडत नाही.
- रात्री बंद पडते, तेही घाट उतरताना जास्त.
- चढावर नाही.
- हॉर्न दाबला की इंजिन एखादा ठोका चुकतं.
- सेल्फ मात्र मस्त फिरतो.

याकडे दहा मिनिटं शांतपणे बघितलं तर अर्धं काम होतं. दिवसा आणि रात्री पेट्रोल तेच असतं. बदलतो तो हेडलाइट. उतारावर इंजिन कमी आरपीएमवर फिरतं, म्हणजे चार्जिंग कमी होतं. संशय विजेकडे जात होता. तरी पेट्रोल तपासून बाजूला केलं, कारण संशय म्हणजे पुरावा नाही.

पायरी २: पेट्रोल

गाडी बंद पडल्यावर लगेच टाकीचं झाकण उघडा. "फुस्स" आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र बुजलेलं असतं. टाकीत हवा शिरत नाही, म्हणून पेट्रोल खाली येत नाही. कोकणात लाल मातीची धूळ आणि दमट हवा यामुळे हे होतं.

मग कार्ब्युरेटरच्या तळाचा ड्रेन स्क्रू सैल करून थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या. आता पंपावर मिळतं ते ई-२०, म्हणजे २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेलं पेट्रोल. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाला वेगळा थर होतो. बाटलीत दोन थर दिसले तर टाकी रिकामी करून साफ करावी लागेल. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या आणि ओ-रिंगही तपासा. फुगलेल्या किंवा तडकलेल्या असतील तर बदला.

माझ्या बाटलीत एकच थर होता आणि झाकणही ठीक होतं. पेट्रोल सुटलं.

पायरी ३: ठिणगी

जुना प्लग आपल्या जागी राहू द्या. त्याची टोपी काढून जादा प्लगला लावा, त्याचा धातूचा भाग इंजिनला टेकवा आणि सेल्फ मारा. प्लग हाताने धरू नका, इन्सुलेटेड पक्कड वापरा. निळी, टपोरी ठिणगी हवी. पिवळट आणि मरगळलेली असेल तर कॉइल, प्लग कॅप किंवा व्होल्टेज यापैकी काहीतरी कमी पडतंय.

मग जुना प्लग काढून रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी म्हणजे उत्तम. काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरट म्हणजे पेट्रोल कमी.

माझा प्लग बिस्किटी, ठिणगी निळी. पण एक गोष्ट लक्षात ठेवा: ही चाचणी दिवसा, अंगणात, हेडलाइट बंद ठेवून केली होती.

पायरी ४: बॅटरी आणि चार्जिंग

मीटर डीसी व्होल्टवर ठेवा. लाल टोक बॅटरीच्या प्लसला, काळं मायनसला.

- गाडी काही तास बंद असताना: १२.६ किंवा थोडं जास्त हवं. १२.० म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी.
- सेल्फ मारताना: १० च्या खाली जाऊ नये.
- इंजिन ४-५ हजार आरपीएमवर, हेडलाइट चालू: १३.५ ते १४.५.
- १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बिघडलाय. गाडी चालवू नका, बॅटरी आणि बल्ब दोन्ही जातील.

माझे आकडे: १२.६, १०.८ आणि १२.४. पहिले दोन छान, तिसरा नापास. म्हणजे इंजिन जोरात फिरतंय, पण बॅटरी पुरेशी चार्ज होत नाही.

इथे बहुतेक लोक रेग्युलेटर बदलतात. मीही ऑनलाइन कार्टमध्ये टाकला होता. त्याच संध्याकाळी शेजारचे काका डोकावले. त्यांची मासेमारीची होडी आहे आणि इंजिनाची सगळी दुरुस्ती ते स्वतः करतात. ते एवढंच म्हणाले, "अर्थिंग बघितलंस काय? खाऱ्या वाऱ्यात पयला ताच जाता."

पायरी ५: व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वीज कुठे गळते?

कोडमध्ये बग शोधताना आम्ही साखळी मधोमध तोडतो: बिघाड या अर्ध्यात आहे की त्या अर्ध्यात? इथेही तेच. मीटर बॅटरीवरून काढून थेट रेग्युलेटरच्या प्लस आणि मायनस वायरवर लावला. आरपीएम आणि दिवे तेच. आकडा आला १४.१.

म्हणजे रेग्युलेटर निर्दोष! तो १४.१ देतोय, बॅटरीला १२.४ मिळतायत. मधले १.७ व्होल्ट वाटेतच संपतायत. वाटा दोनच:

- प्लस बाजू (रेग्युलेटर प्लस ते बॅटरी प्लस): ०.२ व्होल्ट
- मायनस बाजू (रेग्युलेटर मायनस ते बॅटरी मायनस): १.५ व्होल्ट

चांगल्या जोडात हा आकडा ०.२ च्या वर जाऊ नये. मीटरवर आकड्यापुढे उणे चिन्ह आलं तरी हरकत नाही, फरक महत्त्वाचा.

मी आधी याच जोडाला मीटरचा "बीप" मोड लावला होता आणि तो वाजला होता. मग तेव्हा का नाही कळलं? साधं गणित आहे. ७ अँपिअर करंट जाताना १.५ व्होल्ट पडतायत, म्हणजे रोध साधारण ०.२ ओहम. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा असतो, त्यामुळे बीप वाजणारच. हा दोष गाडी बंद असताना दिसत नाही, करंट वाहायला लागल्यावरच दिसतो. एकच युजर असताना सर्व्हर झकास चालतो आणि निकालाच्या दिवशी झोपतो, तसंच. म्हणून जोड तपासताना गाडी चालू आणि दिवे चालू हवेत.

दोष सापडला

टाकी उतरवली. चासीला बोल्टने बसवलेलं वायरिंगचं अर्थिंगचं थिंबल हिरव्या भुकटीने भरलेलं होतं. आमचं घर चिवला बीचपासून जवळ. हवेतलं मीठ धातूवर बसतं आणि साधारण ७५ टक्क्यांच्या वर आर्द्रता गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून ओलं होतं. पावसाळ्यात इथे ती पातळी रोजची. तांब्याचं थिंबल, लोखंडी बोल्ट आणि मध्ये खारं पाणी: दोन वेगळ्या धातूंमध्ये छोटी बॅटरीच तयार होते आणि जोड कुरतडला जातो.

आता नोट्समधली प्रत्येक ओळ जुळते. सेल्फचा करंट जाड केबलने थेट इंजिनला जातो, या जोडातून नाही. म्हणून सेल्फ मस्त आणि बॅटरीवर संशय नाही. दिवसा भार कमी, त्यामुळे निभावतं. रात्री हेडलाइट ३५ वॅट, ब्रेक लाइट २१ वॅट, दोन्ही मिळून साडेचार अँपिअरच्या वर. उतारावर चार्जिंग जवळजवळ नाही, त्यात अर्धपोटी बॅटरी. हॉर्नने शेवटचा धक्का दिला की इग्निशनला पुरेसं व्होल्टेज उरत नाही. आणि हेडलाइट, टेललाइट, इग्निशन सगळ्यांचं अर्थिंग एकच, म्हणून सगळं एकदम गेलं.

दुरुस्ती

१. बॅटरीची निगेटिव्ह काढा.
२. बोल्ट खोला, चासीची जागा पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा.
३. वायर थोडी कापून आतलं तांबं बघा. काळं असेल तर चमकदार तांबं येईपर्यंत मागे कापा.
४. नवीन थिंबल नीट दाबून बसवा. नुसती वायर गुंडाळू नका.
५. दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करा.
६. मग वरून पेट्रोलियम जेली किंवा ग्रीस लावा. आधी धातूला धातू, ग्रीस नंतर.
७. हवं तर इथून बॅटरीच्या मायनसपर्यंत २.५ चौरस मिलिमीटरची एक जादा वायर ओढा.

मग पुन्हा मोजा. हे टाळलं तर दुरुस्ती झाली की नुसतं समाधान झालं, ते कळत नाही. माझा ड्रॉप १.५ वरून ०.०५ वर आला आणि चार्जिंग १४.० वर. खर्च तीस रुपयांच्या आत. रेग्युलेटर कार्टमधून काढला.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी

- मे अखेर आणि दिवाळीच्या सुमारास सगळी अर्थिंगं आणि बॅटरी टर्मिनल उघडून साफ करा.
- बीचवरून आल्यावर गाडी गोड्या पाण्याने हलकी धुवा. होडीवाले आउटबोर्ड इंजिनाला हेच करतात.
- प्रेशर पंपाची धार कनेक्टर आणि स्विचवर मारू नका.
- ओल्या गाडीवर प्लॅस्टिक कव्हर घालू नका, ओल आत कोंडते.
- महिन्यातून एकदा चार्जिंगचा आकडा नोट्समध्ये टाका. १४.० वरून १३.४ वर आला तर घाटात कळण्याआधी अंगणात कळेल.

काय घरी करू नये?

डिस्क ब्रेकचं ऑइल आणि सील, पुढचे शॉकअप, इंजिनच्या आतलं काम आणि फ्युएल इंजेक्शनचा हाय प्रेशर पंप. ही कामं जाणत्या मेकॅनिककडेच द्या. फक्त जाताना आकडे घेऊन जा. "गाडी बंद पडते" असं सांगितलं तर अंदाज सुरू होतात, "रेग्युलेटरवर १४.१, बॅटरीवर १२.४" असं सांगितलं तर काम सुरू होतं.

गाडीची तपासणी झाली, नोंदणी पाच वर्षांनी वाढली. मागच्या महिन्यात बाबा आणि मी पुन्हा आंबोलीतून रात्री उतरलो. प्रत्येक वळणावर मी हॉर्न वाजवत होतो. शेवटी बाबा म्हणाले, "समाजला, चलता तो. आता पुरे."