गाडी तापते तेव्हा: कूलंटच्या बाटलीमागचा इतिहास

सध्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न फिरतोय. "गाडीला रीमॅप मारला, पुढे इंटरकूलर बसवला, आता टेम्परेचरचा काटा वर जातोय. कूलंट कुठलं टाकू, हिरवं की लाल? आणि पाणी न मिसळता नुसतं कूलंटच भरलं तर इंजिन जास्त थंड राहील ना?"

यातल्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांनी देऊन ठेवलंय. पण त्याआधी थोडं मागे जाऊया.

१८८६ साली कार्ल बेंझने तीनचाकी मोटार बनवली. ताकद किती? एक अश्वशक्तीसुद्धा नाही. तिला आजच्यासारखा रेडिएटर नव्हता. इंजिनाभोवतीचं पाणी उकळायचं, वाफ होऊन उडून जायचं आणि पुन्हा भरावं लागायचं. १८८८ मध्ये त्याची बायको बर्था मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला गेली, तेव्हा तिला वाटेत थांबून थांबून पाणी भरावं लागलं होतं.

मग १९०० च्या अखेरीस विल्हेल्म मायबाखने ३५ अश्वशक्तीची मर्सिडीज तयार केली. एवढ्या ताकदीला उडून जाणारं पाणी कुठून पुरणार? म्हणून त्याने मधमाशीच्या पोळ्यासारखा रेडिएटर बसवला. त्यात ८,०७० बारीक नळ्या होत्या, मागे एक छोटा पंखा होता. मॉडिफिकेशनवाल्यांनी हे लक्षात ठेवा. ताकद वाढली की उष्णता वाढतेच, आणि मायबाखने दोन्हींचा हिशोब एकत्र केला होता. आपण रीमॅपचे पैसे देतो आणि रेडिएटर मात्र कंपनीतून आलेला तोच ठेवतो.

थंड देशांत अडचण वेगळी होती. हिवाळ्यात पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक तडकायचा. लोक त्यात अल्कोहोल मिसळायचे, पण ते लवकर उडून जायचं. १९२७ मध्ये अमेरिकेत प्रेस्टोन या नावाने इथिलीन ग्लायकॉल बाजारात आलं. ते गोठण्यापासून वाचवायचं आणि उडूनही जायचं नाही. म्हणजे आपण ज्याला कूलंट म्हणतो, तो मुळात थंडीवरचा इलाज होता!

आता विमानांकडे येऊ. शुद्ध ग्लायकॉल १९७ अंश सेल्सिअसला उकळतं. विमानाच्या इंजिनियरांना हे फारच आवडलं. द्रव जास्त गरम चालवता आला तर रेडिएटर लहान करता येतो, आणि रेडिएटर लहान म्हणजे हवेचा विरोध कमी. म्हणून रोल्स-रॉइसच्या सुरुवातीच्या मर्लिन इंजिनांत, म्हणजे पहिल्या स्पिटफायरमध्येही, १०० टक्के ग्लायकॉल होतं. नुसतं कूलंट, पाणी शून्य!

पण गोची अशी की, तेवढ्याच वजनाचं ग्लायकॉल पाण्याच्या साधारण ६० टक्केच उष्णता उचलतं. इंजिन आतून जास्त तापायचं, जोडांमधून गळती व्हायची, वर ग्लायकॉल पेट घेण्याचा धोका. शेवटी रोल्स-रॉइसने ७० टक्के पाणी आणि ३० टक्के ग्लायकॉल असं मिश्रण दाबाखाली वापरायला सुरुवात केली. दुसऱ्या पिढीच्या स्पिटफायरमधलं मर्लिन त्यावरच चालायचं. दाब वाढला की उत्कलनबिंदू वर जातो. १ बार जास्त दाब दिला तर साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास उकळतं. तुमच्या रेडिएटरचं झाकण हेच काम करतं. त्याचं रबर सैल पडलं की चांगली गाडीसुद्धा उकळते.

तर मंडळी, उष्णता वाहून नेतं ते पाणी. बाटलीतलं रसायन त्या पाण्याला गोठण्यापासून, उकळण्यापासून आणि गंजण्यापासून सांभाळतं. आपल्याकडे गोठण्याची भीती नसली तरी गंज आहेच. म्हणून नुसतं पाणी नको आणि नुसतं कूलंटही नको. मॅन्युअलमध्ये दिलेलं प्रमाण पाळा, बहुतेक गाड्यांना निम्मं-निम्मं चालतं. बोअरचं जड पाणी मात्र टाळा, त्याने आत क्षार साचतात. डिस्टिल्ड पाणी घ्या.

आणि रंग? तो फक्त रंग आहे. हिरवा म्हणजे अमुक, लाल म्हणजे तमुक, असा सगळ्या कंपन्यांना बांधणारा नियम नाही. बाटलीवरचं स्पेसिफिकेशन मॅन्युअलशी जुळवा आणि वेगवेगळी रसायनं एकत्र करू नका.

आता निदान. काटा वर *केव्हा* जातो, हे आधी बघा. काट्यावर पूर्ण विश्वासही ठेवू नका. बऱ्याच नव्या गाड्यांत तो बराच वेळ मध्यावरच ठेवलेला असतो. स्वस्तातला ओबीडी स्कॅनर लावून खरा आकडा मोबाईलवर बघा.

सिग्नलला तापते आणि पळायला लागली की उतरते? पंखा, त्याचा रिले, नाहीतर पंख्याभोवतीचं आवरण तपासा. घाटात किंवा हायवेवर तापते? मग रेडिएटर चोंदलाय, कमी पडतोय किंवा त्याला हवा मिळत नाहीये. इंग्लंडच्या मेरेडिथने १९३० च्या दशकातच दाखवलं होतं की हवा नीट बंदिस्त मार्गाने रेडिएटरमधून न्यावी लागते. तुमचा बॉडी किट, जादाचे दिवे आणि इंटरकूलर नेमके त्याच वाटेत उभे नाहीत ना? वरचा होज पाइप कडक गरम आणि खालचा थंड? थर्मोस्टॅटवर संशय घ्या, पण तो काढून फेकू नका, बदला. टाकीत सतत बुडबुडे आणि एक्झॉस्टमधून गोडसर वासाचा पांढरा धूर? हेड गॅस्केट. तिथे गाडी चालवणं थांबवायचं, कारण पुढचा खर्च सिलिंडर हेडचा असतो.

यातलं काहीही नवी बाटली ओतून बरं होत नाही. दोन गोष्टी घरच्यांनाही सांगा. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आणि ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी असतं, त्यामुळे सांडलेलं पुसा, लहान मुलं आणि कुत्री-मांजरं जपा.

तुमची गाडी नेमकी केव्हा तापते, ते आकड्यासकट लिहून पाठवा. भेटूया पुढच्या भागात!